बकुळाचा वन्स मोअर

महाराष्ट्र झाला त्या साली आमच्या परळच्या चाळीत रामदास चव्हाणने स्वतःच्या घरावर नाटक लिहिलं. चूक माझीच. मी शाळामास्तर, अक्कल पाजळली आणि त्याला दोन अमेरिकन नाटकं सांगितली. दोन्ही लेखकांनी आपल्याच घराचं दुखणं मांडलं होतं. एकाने ते आपण मेल्यावरच बाहेर काढा म्हटलं. दुसऱ्याने आई हयात असतानाच खेळ लावला. रामदासने दुसऱ्याचा कित्ता गिरवला.

चाळीच्या सत्यनारायण पूजेला ते नाटक झालं. त्यात त्याच्या लंगड्या बहिणीचं, बकुळाचं काम एका गिरणीकामगाराने मिशी उतरवून केलं, तिचंच लुगडं नेसून. तो लंगडत आपटला. लोक हसून ‘वन्स मोअर’ ओरडले. रामदासने त्याला पुन्हा आपटायला लावून तो दिला. बकुळा पुढेच बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती नळावर हंड्यासकट पडली. वरच्या गॅलरीतून आरोळी आली, ‘वन्स मोअर!’

शेजारीच उभ्या रामदासने वर बघून नमस्कार केला.