आधी गाडी, मग माणूस

“बोल, प्रायोरिटाइज.”

पडघ्याजवळचं गोडाऊन. सकाळची शिफ्ट, पार्सलचा बेल्ट अजून सुरू व्हायचा होता. सगळ्यांना रांगेत उभं केलेलं आणि मला एकटीला पुढे. मॅनेजर माझ्या मुलाच्या वयाचा.

“प्रायोटाइज,” मी म्हटलं. तो हसला. तो हसला म्हणून बाकीचेही हसले. “परत.” परत म्हटलं, परत हसले. पन्नाशीची बाई मी, पदराने घाम पुसत उभी.

माझा गुन्हा काय? आदल्या दुपारी पत्रे तापलेले. शेजारी पॅकिंग करणारी सुनंदा चक्कर येऊन पडली. सहावा महिना तिचा. मी बेल्ट सोडून तिला दाराशी वाऱ्यावर नेलं, पाणी पाजलं. तेवढ्यात पार्सलं तुंबली आणि गाडी उशिरा सुटली. हा दीडशहाणा तेव्हा काचेच्या केबिनमध्ये एसी लावून उंटावरून शेळ्या हाकत होता. बाई पडलेली त्याला दिसली नाही. गाडी थांबलेली बरोबर दिसली.

“प्रायोरिटाइज म्हणजे आधी काय, नंतर काय ते ठरवणं,” तो म्हणाला. “तुम्हा पाड्यावरच्या लोकांना ते कळतच नाही. आता सगळ्यांसमोर म्हण. आधी गाडी, मग माणूस.”

आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर आला की पहिला हंडा बाळंतिणीच्या घरी जातो. एरवी पाण्यासाठी झिंज्या उपटणाऱ्या बायासुद्धा तेव्हा मागे सरतात. आणि हा मला शिकवणार!

सुनंदा रांगेतच होती, पोटावर हात ठेवून खाली बघत. ही नोकरी गेली तर मला दुसरी नव्हती. तरी त्याच्या तोंडाकडे बघून मला किळस आली.

“न्हाय म्हननार.”

“काय?”

“न्हाय म्हननार. आधी सुनंदा.”

या वेळी कोणी हसलं नाही.

“मग घरी जा.”

गेले. दुसऱ्या दिवशी आम्हाला कामावर लावणाऱ्या ठेकेदाराचाच फोन आला, परत ये म्हणून. सणाचा माल तुंबला होता, हात कमी पडत होते. माफी कोणी मागितली नाही. असल्यांची माफी घेऊन मी करू काय?

बेल्टच्या खांबावर एक लाल बटण आहे. दाबलं की सगळा बेल्ट जागच्या जागी थांबतो. त्याला हात लावायचा नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता मी मुद्दाम त्याच्याशेजारी उभी राहते. रांगेतल्या प्रत्येक बाईला मी ते दाखवून ठेवलंय. पुन्हा कोणी पडली, तर तिला उचलायला मी नंतर जाईन.

आधी बटण.