रशीदभाईंच्या गाद्यांची जाहिरात

ज्या दुकानात गिऱ्हाईक कमी, तिथं किस्से जास्त. घेणारा घेऊन जातो. न घेणारा बसतो, चहा पितो आणि बोलतो!

वारूळवाडीत माझा एसटीडी बूथ होता, शेजारी रशीदभाईंचा गादी कारखाना. लग्नसराईत हात पुरायचे नाहीत, एरवी नुसत्या माशा. त्यात बाजारात फोमच्या गाद्या आल्या. अमीनाभाभी म्हणाल्या, "कापूस पिंजायचं मशीन इकून टाका आता." मशीन वडिलांच्या हातचं. भाईंना जेवण जाईना.

समोरचे कापडवाले शांतिलालशेठ म्हणाले, "रशीद, माल चांगलाय, पण लोकांना म्हायती न्हाई. जाहिरात कर!"

झालं!

*

पहिली जाहिरात भिंतीवर. पेंटरनं स्वतःचं डोकं चालवलं : 'आमच्या गादीवर एकदा झोपाल, तर पुन्हा उठणार नाही!'

एक आजोबा काठी टेकत आले, अक्षर न् अक्षर वाचलं आणि भाईंना म्हणाले, "राव, मला उठायचंय अजून. नातीचं लगीन हाय!"

*

मग शेठ म्हणाले, "ट्रायल दे. झोपून बघा, मग घ्या!"

दुकानापुढं नवी गादी टाकली. आहुप्याचे एक पाहुणे बाजार करून दमले होते. एसटीला वेळ होता म्हणून जरा टेकले. एसटी आली, हॉर्न वाजवून गेली, पाहुणे घोरतायत! संध्याकाळी जागे झाले आणि भाईंवरच तापले, "उठवायचं न्हाई व्हय?"

"गिऱ्हाईकाची झोपमोड कशी करू?"

मुक्काम, जेवण सगळं भाईंच्या घरी. सकाळी मी विचारलं, "पावणं, घेताय ना गादी?"

"नगं रं बाबा. घरात असली गादी आली, तर शेतात भात कोण लावंल?"

पण पुढच्या लग्नसराईत लेकीच्या गाद्या भरायला ते इथंच आले, सोयऱ्यांनाही घेऊन आले. मग येतच राहिले. भाभींनी मशीन विकायचं नाव काढणं सोडलं. भाई मात्र सगळ्यांना सांगायचे, "ही भिंतीची कमाल!"

*

त्या जोरावर केबलवर पट्टी दिली. फोन नंबर माझ्या बूथचा. पिक्चर चालू असतानाच फोन खणाणला. भाई धावत आले, "ऑर्डर?"

निरगुडसरच्या एक बाई कडाडत होत्या, "अवो, ती पट्टी काढा आदी! हिरोची आई मरायला टेकलीय, आन् तिच्या तोंडावर तुमची गादी!"

"काय म्हणतात?" भाईंनी विचारलं.

"चौकशी आहे," मी म्हणालो.

*

शेवटी रिक्षावर भोंगा लावला. "गादी कुणाची? रशीदभाईंची!" दिवसभर गावोगाव हाच गजर. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलीय, हे कुणाच्याच ध्यानात नाही!

भाई राहायचे त्या गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी सासुरवाडी आहे. तर तिथले सरपंच जीप घेऊन दुकानात हजर. सोबत दोन दांडगे गडी. चहाला हातही न लावता म्हणाले, "रशीदभाई, आमच्या गादीवर डोळा हाय म्हणं तुमचा?"

भाईंचा चेहरा खुलला. "धंदाच हाय आमचा, सरपंच! किती वर्सं झाली गादीला?"

"पहिल्यापास्नं माझ्याकडंच हाय," सरपंच गुरगुरले.

"मग बराबर. एकच माणूस लई वर्सं बसला, की दबतीच ती. आत ढेकणंबी व्हत्यात. तुमी फकस्त उठा, बाकी समदं मी पिंजून काढतो!"