डाव्या खांद्याची बंदूक

शुक्रवारी आमचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. भिवंडीत बहुतेकांचेच असतात. पण सहा दिवसांच्या खटखटीत वाढलेल्या कानांना सातव्या दिवसाची शांतता सोसत नाही. मी घरातून मागच्या शेडमध्ये आणि शेडमधून घरात अशा फेऱ्या मारते. हातात पुस्तक असतं, पण पान तेच असतं.

आणि नेमक्या शुक्रवारीच घुशी बाहेर येतात.

लुमावर चढवायच्या बीमवर, म्हणजे लांबलचक रुळावर, हजारो धागे गुंडाळलेले असतात. ते तुटू नयेत म्हणून त्यांना कांजी लावून आणतात. त्या कांजीचा वास घुशीला कुठूनही येतो. एका दुपारी कुरतडलं की अख्खा बीम वाया. बाबांनी पिंजरे लावले, भोकांत काचा ठोकल्या. औषध ठेवलं तर ते घुशीऐवजी आमच्या मांजरीने खाल्लं. त्यानंतर औषधाचं नाव आईने काढू दिलं नाही. आमच्याकडे आता आठच लूम उरलेत, आणि यंदा तीन बीम गेले. शेजारच्यांनी शेड गोडाऊनला देऊन टाकली. बाबा मात्र रोज सकाळी बीमवरून हात फिरवून कुठे कुरतडलंय का ते बघतात. आणखी एकदोन बीम गेले तर आपणही लूम भंगारात काढू, असं ते जेवताना दोनदा बोलले होते.

म्हणून आजोबांची छऱ्याची बंदूक माळ्यावरून खाली आली. आमची भातशेती होती तेव्हा बांध पोखरणाऱ्या घुशी आजोबा तिनेच मारायचे. खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्याची वाळवीने चाळण केली होती, पण लोखंड शाबूत होतं. बंदूक मधोमध वाकवून नळी खाली मोडली की आतली स्प्रिंग दबायची आणि अडकून बसायची. हवा मात्र धरत नव्हती. बाबांनी ती उघडली, आतलं वाळकं चामडं काढलं, लुमात धोट्याला टोला देणाऱ्या पिकरच्या जाड चामड्यातून तेवढीच चकती कापली आणि दोन दिवस तेलात बुडवून ठेवली. ती बसवल्यावर चाप ओढला तर अंगणातली तुळशीची पानं हलली. बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

आता राहिला दस्ता. मी फोनवर जुन्या धाटणीच्या बंदुकांची चित्रं शोधून बाबांना दाखवली. सरळ, सडपातळ दस्ता, मुठीपाशी बारीक, गाल टेकायला हलका उंचवटा, पकडीवर कोरलेली जाळी. कुठे प्लास्टिक नाही, चकचकाट नाही. बाबांना ती पसंत पडली. बंदूक दादासाठी होती, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. दादा पुण्याला नोकरीला असतो. कॉलेजात एनसीसीत होता, तेव्हापासून घरात नेमबाज तोच. तो तीन आठवड्यांनी येणार होता.

लुमांची लाकडी कामं करणारा मिस्त्री आमच्या गल्लीच्या टोकाला बसतो. तो मूळचा उत्तरेकडचा, पण इथे चाळीस वर्षं काढलेला, मराठी-हिंदीचं एकच कालवण करून बोलणारा. बाबांनी मोडीत काढलेल्या लुमाचा हात्या त्याच्याकडे पाठवला. हात्या म्हणजे आडवा धागा घेऊन धोटा ज्याच्यावरून इकडून तिकडे धावतो तो जाड सागवानी ओंडका. दिवसातून हजारदा हादरे खाऊनही जो तीस वर्षांत फुटला नाही, तो बंदुकीचा धक्का सहज खाईल, असं मिस्त्रीचं म्हणणं. पण माप हवं म्हणाला. दस्ता हा चपलेसारखा असतो, दुसऱ्याच्या मापाचा चावतो.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तू जा. तुजी न् दादाची उंची सारकीच हाय."

मिस्त्रीने माझ्या कोपराच्या खाचेपासून बोटाच्या पेरापर्यंत दोरी लावली. मग हातात एक फळकूट दिलं आणि म्हणाला, डोळे मीट, खांद्याला लाव, मग डोळे उघड. मी लावलं. डोळे उघडले तर फळकूट डाव्या खांद्यावर होतं.

मी डावखुरी आहे. घरी हे जवळपास विसरलं गेलंय. लहानपणी जेवताना डाव्या हातावर आईची चापट बसायची, म्हणून घरातलं सगळं मी उजव्या हाताने करते. शाळेत मात्र मिसला फरक पडत नव्हता, वहीतलं सगळं डाव्या हाताने. त्यामुळे माझे दोन हात दोन भाषांसारखे झालेत, एक घरचा, एक शाळेचा. फळकूट कुठल्या हातानं घ्यायचं याचा विचारच केला नव्हता. आणि दादा उजव्या हाताचा आहे, हे मला त्याच क्षणी सांगता आलं असतं.

मी सांगितलं नाही. मिस्त्रीने पेन्सिलीने खूण केली.

त्या तीन आठवड्यांत मला कुठेच स्वस्थ बसवेना. दर दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी मिस्त्रीकडे जायचे. ओंडक्यातून हळूहळू एक कंबर निघत होती. लोखंड बसायची खाच तो काजळी लावून तपासायचा. लोखंडाला काजळी फासून लाकडात बसवायचं, उचलायचं, काळा डाग पडला असेल तेवढंच पटाशीने खरवडायचं. दिवसाला केसाएवढी प्रगती. मला बोलायला कितीतरी वेळ होता. रस्त्यात मी वाक्य तयार करायचे, त्याच्या दारात पोचेपर्यंत ते गिळून टाकायचे. आणि गल्लीतल्या लुमांचा आवाज एवढा असतो की काही न बोलता उभं राहिलं तरी खपतं.

गालाचा उंचवटा कापायच्या दिवशी त्यानेच रंधा खाली ठेवला.

"बेटी, गाल उजव्या अंगाला ठेवला की बंदूक डाव्या खांद्याची झाली. तुझा भाऊ लेफ्टी आहे ना? लकडी एकदा काटली की परत येत नाही."

हो किंवा नाही एवढंच हवं होतं. मी दस्त्यावरून बोट फिरवत राहिले.

"उजव्याच अंगाला ठेवा," मी म्हणाले.

तो खोटेपणा होता की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. भाऊ डावखुरा आहे असं मी म्हणाले नव्हते. पण तो काय समजला हे मला माहीत होतं. जाळी कोरून झाल्यावर त्याने बंदूक माझ्याच हातात दिली, आणि त्याच्या मागच्या अंगणात करवंटी टांगून मी छरे मारले. सहावा लागला. मग रोज लागू लागले. घरी कुणाला माहीत नव्हतं.

दादा शुक्रवारी सकाळी आला. चहा व्हायच्या आधीच बाबांनी, मिस्त्रीने आदल्या संध्याकाळी जवसाचं तेल पाजून, गुंडाळून पाठवलेली बंदूक कापडातून काढली. दादाने ती खांद्याला लावली, मान वाकडी केली, खाली उतरवली, परत लावली. उंचवटा त्याच्या गालाच्या भलत्याच बाजूला राहत होता आणि मूठ हातात येत नव्हती. आधी तो हसला.

"मिस्त्रीनं काय आरशात बघून बनवली?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी बंदूक उलटीपालटी करून बघितली आणि त्यांचा चेहरा काळवंडला. मोडीतला शेवटचा चांगला हात्या होता तो. म्हातारा आता आंधळा झालाय, म्हणाले, चाळीस वर्षं माझ्या लुमांचं काम करतोय आणि डावं-उजवं कळत न्हाय. शर्ट चढवून ते चपला शोधायला लागले. गल्लीभर ऐकू जाईल असं बोलायला निघाले होते. मला डोळ्यांसमोर तो म्हातारा दिसत होता. काजळीची बोटं पुसत उठेल, आणि माझ्याकडे एकदाही न बघता ऐकून घेईल.

चप्पल माझ्या पायाजवळ होती. मी ती पुढे सरकवली नाही.

"बाबा, मिस्त्रींची चूक नाहीये. माझ्या मापाची आहे ती."

"माप तुजंच घेतलं, पन खांदा..."

"खांदापण माझाच आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. दादा माझ्या हातांकडे बघत होता, जणू ते आजच आलेत. बाबांनी दस्त्याच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चालवता येते?" त्यांनी विचारलं.

"करवंटीवर येते."

"करवंटी पलत न्हाय," दादा म्हणाला.

बाबांनी छऱ्यांची डबी माझ्या हातात दिली आणि शेडचं दार उघडलं. मी नव्या बीमसमोर, सुताच्या पोत्यांमागे बसले. ते दोघं दारात उभे राहिले. शेडमध्ये एवढी शांतता होती की मला माझा श्वास लुमासारखा ऐकू येत होता. पायाला मुंग्या आल्या. पाऊण तासाने भिंतीच्या कडेने घूस आली, मांजरीएवढी, थांबत, हुंगत, थेट बीमकडे. मी गाल टेकवला. गाल अगदी जागेवर बसला. चाप ओढला.

छरा लुमाच्या लोखंडावर टणकन आदळला. घूस केव्हाच भोकात गेली होती.

दादा हसायला लागला आणि हात पुढे करून बंदूक घ्यायला आला. बाबांनी त्याचा दंड धरला. ते बीमजवळ गेले, वाकून त्यावरून सावकाश हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"धागा शाबूत हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "परत बस. संध्याकालपर्यंत येतीलच त्या."

मी डाव्या हाताने नळी मोडली आणि दुसरा छरा आत ढकलला.