मुलगा कोणाचा, असं विचारलं तेव्हा

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. चौथीपर्यंतच शिकले. माफ करावं.

तपासाला आलेल्या लष्करी पोलिसांनी स्क्रूड्रायव्हरने आमच्या अमेरिकेतल्या घराच्या दाराचा मेझुझा उपटला. आम्ही ज्यू, अलिबागकडचे बेने इस्राएल. चौकटीला ठोकलेल्या त्या नळीत देवाचं वचन असतं. हातमोजे घातलेल्या माणसाने ते उलगडलं, उजेडात धरलं. हेरगिरीचं यंत्र शोधत होता. मी भिंतीला चिकटून उभी.

मुलगा अमेरिकेच्या सैन्यात कॅप्टन. त्याच्या ऑफिसातले गुप्त कागद फुटले. हाताळणारे अनेक, ज्यू तो एकटा. दर शुक्रवारी तो इस्राएलला माझ्या बहिणीला फोन करायचा. मराठीत. मावशी, गुडघा कसा आहे, एवढंच. ते म्हणाले, ही खुणेची भाषा.

लष्करी कोर्टात मला साक्षीला उभं केलं. नागपूरचा दुभाषी खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, सरकारी वकील विचारतात, मुलगा नेमका कोणाचा? आमचा की इस्राएलचा?"

मागे कुणीतरी हसलं. चार माणसांत मी कधी बोललेच नव्हते. खाली बघत राहिले. वकील म्हणाला, बघा, आईकडेही उत्तर नाही.

मुलगा हेर ठरला. तुरुंगात गेला.

ज्यांच्याकडे पोळ्या करायचे त्या काकू म्हणाल्या, सध्या येऊ नका, लोक बोलतात. उपटलेला मेझुझा मी भीतीने पिठाच्या डब्यात लपवला. भेटीला गेले तर काचेपलीकडून मुलगा म्हणाला, "आई, दारावर परत लावलास ना?" मी हो म्हटलं. घरी येऊन आधी तो ठोकला.

पुढे कागद विकणारा सापडला. दुसराच अधिकारी. खटला पुन्हा उभा राहिला. तरी वकील हटेना. दोघं सामील असतील म्हणाला. मला पुन्हा तोच प्रश्न.

या वेळी मी त्याच्याकडे बघितलं.

"आमचे आजे-पणजे शनिवार देवाचा म्हणून त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. गावाने शनवार तेली नाव ठेवलं. हेर नाही म्हटलं. ज्याने कागद विकले, त्याच्या आईला विचारलंत का, मुलगा कोणाचा?"

दुभाष्याने एक शब्द गाळला नाही. कुणी हसलं नाही.

मुलगा सुटला. माफी कुणी मागितली नाही. मुलगा म्हणतो, आई, आता सोड. मी सोडणार नाही. त्या प्रश्नाबद्दल त्यांनी माफी मागावी, तोंडाने, सगळ्यांसमोर.

त्याचा अडवलेला पगार पूर्ण परत आला. पगार तर आमचाच होता, ती काही माफी नव्हे.