दसऱ्याचा तीन नंबर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आम्ही वजनकाट्यांसाठी सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे काट्यांच्या प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड, लिहायचो. आवृत्तीचा नंबर चार फाइलींत चार ठिकाणी, आणि चारही वेगळे. माझा जीव त्याने कासावीस व्हायचा. सगळं एकाच हेडर फाइलीत, म्हणजे नंबर आणि नोंदींचे रकाने ठरवणाऱ्या फाइलीत, आणायचं काम मी हट्टाने मागून घेतलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

साहेबांना नवी आवृत्ती दसऱ्याच्या मुहूर्तावर हवी होती. सकाळी मी हेडरमध्ये दोनचे तीन केले, वजनाच्या नोंदीत एक रकाना वाढवला आणि हेडर फ्लॉपीवर उतरवलं. लायब्ररी तिच्यावर आदल्या दिवशीचीच होती. ती नव्या हेडरनुसार पुन्हा कंपाइल करून फ्लॉपीवर टाकणार, तेवढ्यात साहेब हळदकुंकू घेऊन आले. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, फ्लॉपीच्या पाकिटाला कुंकू. पूजेनंतर यंत्राला दिवसभर हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. उद्या करू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी पोचण्याआधीच आमची सहकारी ती फ्लॉपी घेऊन मुलुंडच्या कारखान्यात गेली होती.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता कारखान्यातून फोन आला. नंबर तीन दिसतोय, वजनं मात्र भलतीच येतायत. हेडर नवं, लायब्ररी जुनी; रकाने जुळणार कसे! पाठवणीच्या रजिस्टरवर सही तिची.

"प्रोबेशन संपत आलंय ना तुमचं?" साहेब सगळ्यांदेखत तिला म्हणाले. "संध्याकाळी भेटा मला."

ती भांडुपची. वडिलांची गिरणी बंद पडलेली, घर तिच्या पगारावर. हे मला माहीत होतं, आणि चूक कुणाची तेही. तरी तोंड उघडेना. तीन चहा झाले, पॅसेजमध्ये येरझाऱ्या झाल्या, तीच हेडर फाइल दहादा उघडून बंद केली. हुशार म्हणून मिळवलेलं नाव जाईल, एवढीच भीती होती. त्याची लाज अजून वाटते.

चार वाजता केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. साहेबांनी मला सडकून झापलं आणि तिचा विषय तिथेच मिटवला.

"सांगून आलो गं," मी बाहेर येऊन तिला म्हणालो.

तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "फाइलींच्या तारखा बघितल्या मी. हेडर दसऱ्याचं, लायब्ररी आदल्या दिवशीची. अकरालाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का बघत होते. चार वाजवलेस रे."

तिची नोकरी टिकली. आम्ही पुढे दोन वर्षं शेजारी बसलो, डबेही वाटून खाल्ले. पण माझ्या हातची प्रत्येक फ्लॉपी ती आधी तपासायची, माझ्यासमोर, आणि मगच सही करायची.