साचेखात्याकडे जाणारा बाण

मी आणि माझा मित्र, आम्ही दोघेही चाळिशीला टेकलोय, तरी रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर गेम खेळतो. बायका नावं ठेवतात, ठेवोत. शहरं वसवायची, कारखाने उभारायचे आणि दुसऱ्या देशांच्या पुढे जायचं, असा तो इतिहासातला परदेशी खेळ. त्यात मुंबई आहे, पण एक बंदर आणि वर मसाल्याची गोणी, एवढीच. गिरण्यांचा पत्ताच नाही. लालबाग-परळच्या माणसाला हे झोंबणारच. अशा खेळात आपल्या पदरचे बदल घालून ते लोकांना फुकट देता येतात, त्याला मॉड म्हणतात. आम्ही ठरवलं, गिरणगावाचा मॉड करायचा.

प्रोग्रामिंग त्याच्याकडे आलं, टेक ट्री माझ्याकडे. टेक ट्री म्हणजे शोधांचा तक्ता. प्रत्येक शोधाचा एक चौकोन आणि एकातून दुसऱ्याकडे जाणारे बाण. गुण खर्चून एक चौकोन उघडला की बाणाच्या टोकाचा पुढचा उघडता येतो. चरखा, मग सूत काढायची यंत्रं, बॉयलर, मग कापड विणायचे साचे. काम वाटतं तितकं सोपं नाही. कशाआधी काय, हे ठरवताना डोक्याचं भजं होतं. दोन महिने मी ऑफिसातल्या मीटिंगांमध्येसुद्धा वहीच्या मागच्या पानावर बाणच काढत होतो.

चौकोनांवर चित्रं हवी होती. साच्यावरच्या विणकरासाठी मी आजोबांचा फोटो घेतला. त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, कुणाच्या तरी लग्नातला, उसन्या कोटातला. त्यावरून चेहरा काढला, कोट उतरवून अंगात बंडी घातली आणि हातात धोटा दिला. आमच्या घरात आजोबांबद्दल कायम एकच वाक्य बोललं जायचं, ‘ते गिरणीत होते.’ गिरणी म्हणजे कापड, आणि कापड म्हणजे विणकर, असा माझा सरळ हिशोब.

आमची चाळ पाडायला घेतल्यापासून आम्ही ट्रान्झिटच्या खोलीत राहतो. वडील, म्हणजे अण्णा, दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत असतात. तेही त्याच गिरणीत होते, सूत काढायच्या रिंगखात्यात, संपापर्यंत. कापसाची धूळ छातीत बसली ती बसलीच. चार शब्द बोलले की थांबून श्वास घ्यावा लागतो. मी मोठ्या कौतुकाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

“हे कोण?”

“आजोबा. ओळखले नाहीत?”

“ओळखले.” अण्णांनी चष्मा पुसला. “हातात काय दिलंयस?”

“धोटा.”

“दादांनी जन्मात कधी धोट्याला हात नाही लावला.” आपल्या वडिलांना ते दादा म्हणतात. “लावूनच दिला नाही कुणी.”

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. धोटा म्हणजे साच्यावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर नवी घालायचा आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून बाहेर काढायचा. दर थोड्या वेळाने हेच. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. आता आमच्या माणसाने तोंड लावलेला धोटा बाकीचे कसे तोंडाला लावणार? विटाळ होणार ना! म्हणून आमच्या लोकांनी रिंगखात्यात राबावं, कचरा उचलावा, पण साचेखात्यात पाऊल टाकायचं नाही. आणि पगार जास्त होता तो साचेखात्यातच.

नळाला पाणी कधी येतं ते सांगावं, तितक्या साध्या आवाजात अण्णा हे सांगत होते. मला आधी त्यांचाच राग आला, इतकी वर्षं बोलले का नाहीत म्हणून. मग लक्षात आलं, मी विचारलं होतं कधी? दर जयंतीला निळा झेंडा घेऊन पुढे असणारा मी, माझ्याच आजोबांच्या हातात त्यांना नाकारलेली वस्तू देऊन मोकळा झालो होतो. अण्णांसमोरच मी ते चित्र पुसलं.

“आजोबांना बरोबर जागी घालतो,” मी म्हटलं. “आणि साचेखात्याकडे जाणारा बाण आपल्याला बंद होता हेही दाखवतो. खेळणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे.”

“घाल,” अण्णा म्हणाले. “नीट घाल पण.”

पुढच्या रविवारी भोईवाडा कोर्टाजवळच्या टपरीवर मी मित्राला हे सांगितलं. त्याचं घराणं कोकणातलं, आणि त्याचे आजोबा साचेवाले.

“अरे, गेममध्ये जात कशाला आणतोस? लोक टाइमपासला येतात रे.”

“मी नाही आणत. होतीच.”

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. “माझे आजोबा साच्यावरच होते.”

“माहितीय.”

“म्हणजे त्यांनी पण...”

“मला काय माहीत? घरी विचार तुझ्या.”

मी तोडूनच बोललो. तसं बोलायला नको होतं, पण गोड बोलायची माझी तयारी नव्हती. दोन आठवडे त्याचा फोन नाही, मेसेज नाही. वीस वर्षांची दोस्ती गेली चुलीत, असं मी स्वतःला बजावत राहिलो, आणि मला फार एकटं वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन दारात उभा. वडिलांना विचारलं होतं त्याने. ‘तेव्हा तसंच होतं,’ एवढंच ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

“हे बघ,” तो म्हणाला. “रिंगखात्यातून साचेखात्याकडे बाण ठेवलाय, पण तुझ्या लोकांसाठी बंद. मध्ये एक चौकोन टाकलाय, ‘साचेखातं सर्वांना’. तो उघडला की बाण उघडणार. पण उघडला की तीन चाली विणकर काम बंद ठेवणार.” मग जरा खालच्या आवाजात, “तसंच केलं असतं आमच्या लोकांनी.”

त्याने हे आपण होऊन घातलं होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“फायदा काय देऊ? उघडल्यावर माल वाढवू?”

“काही नको,” मी ठासून म्हटलं. “फायदा आहे म्हणून उघडला, असं नको. बरोबर आहे म्हणून उघडावा माणसाने.”

फार बरं वाटलं मला हे बोलताना. आजोबांचं नवं चित्र मी रिंगखात्याच्या चौकोनावर बसवलं.

मॉड बाहेर काढायच्या आधी सगळा डाव एकदा खेळून बघावा लागतो. मित्र घरी गेला आणि दुपारची जेवणं झाल्यावर मी खेळायला बसलो. अण्णांनी खुर्ची सरकवून घेतली. माझी मुंबई, समोर कॉम्प्युटरचं मँचेस्टर. सुरुवात झकास झाली, मग मँचेस्टर पुढे सरकायला लागलं. माझ्याकडे गुण जेमतेम. बॉयलर मोठा केला, गोदी वाढवली, साचे दुप्पट केले. हळूहळू बरोबरीला आलो. मीच आखलेला तक्ता, कुठे हात मारला की काय मिळतं ते मला पाठ.

“तो नाही उघडलास?” अण्णांनी विचारलं.

त्यांचं बोट ‘साचेखातं सर्वांना’ या अजून करड्याच असलेल्या चौकोनावर होतं. मी तो कितीतरी चालींपासून टाळत होतो, आणि टाळतोय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“उघडतो ना, अण्णा. आत्ता उघडला तर विणकर बसतील आणि मँचेस्टर पुढे जाईल. जरा जम बसू दे.”

अण्णांनी बोट मागे घेतलं. बराच वेळ श्वास जुळवत बसले.

“मॅनेजर असंच बोलायचा दादांना,” ते म्हणाले. “वाईट नव्हता माणूस. नंतर बघू म्हणायचा.”

मग ते हळूच उठले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. त्याच क्षणी मी तो चौकोन उघडला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण माझी पुढची चाल बॉयलरचीच होती, आणि मी जिंकत होतो.