दुपारी तीनचा कार्यक्रम

पेणच्या आमच्या वाचनालयात मी नऊ वर्षं कार्यक्रम समितीचा निमंत्रक होतो. निमंत्रक म्हणजे ज्याने बोलवायचं आणि ज्याच्या बोलावण्याला कुणी यायचं नाही, तो. समितीत आम्ही पाच जण. चौघं सल्ला द्यायचे आणि मी सतरंजी अंथरायचो. 'मोठ्या माणसांसाठी काहीतरी व्हायला हवं' हे वाक्य दर बैठकीत कुणी ना कुणी म्हणायचंच. लहान मुलांचं सोपं होतं, चित्रकलेची स्पर्धा लावली की मुलं यायची आणि मागोमाग त्यांच्या आया. मोठ्यांना मात्र वेळ नसायचा. दिवाळी झाली की मिठागरवाले बांधबंदिस्तीला लागायचे ते थेट पावसापर्यंत. पाऊस लागला की भातवाले शेतात. उन्हाळ्यात लग्नं. आणि गणपतीच्या आधीचे चार-पाच महिने अर्धं पेण शाडूत आणि रंगात बुडालेलं. मी कॅलेंडरवर पेन्सिलीने फुल्या मारत जायचो आणि शेवटी दोन-तीन रविवार उरायचे. त्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला व्याख्यान. साडेसहालाच का, तर आधीच्या निमंत्रकाने साडेसहा ठेवलं होतं म्हणून. याहून खोल विचार मी केला नव्हता.

खुर्च्या भरायला घरची माणसं होती. बायको पहिल्या रांगेत, आई तिसऱ्या, शेजारच्या काकू पाचव्या, म्हणजे फोटोत सभा लांबवर पसरलेली दिसायची. रोह्याहून नाना आले की मला भलताच आनंद व्हायचा. नाना म्हणजे माझे सासरे. टोपी मांडीवर ठेवून ते पुढे बसायचे, वक्त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे आणि शेवटी त्याला गाठून सांगायचे, बरं बोललात, पण लांबलं.

नानांनी आयुष्य रोह्याच्या एका भातगिरणीत काढलं. पोत्यात हात घालून दाणा काढायचा, दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, अजून ओल हाय, दोन उन्हं द्या. त्यांच्या शब्दावर गाडीभर भात परत जायचं. एकदा जेवताना ताटातला भात दाताखाली धरून त्यांनी हेच सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. आपण विनोद केला असं वाटून तेही हसले. मग ते सकाळी डबा मागायला लागले, गिरणीची वेळ झाली म्हणून. गिरणी बंद होऊन चार वर्षं झाली होती.

यावर उपाय मी शोधला. मी वाचनालयाचा माणूस, मला वाटलं बुद्धीला व्यायाम हवा. एका वहीत मी दहा प्रश्न लिहिले आणि ती रोह्याला मेहुण्याच्या घरी, नाना तिथेच राहायचे, ठेवून आलो. आज वार कोणता, महिना कोणता, नातवाचं नाव काय, पंतप्रधान कोण. रोज सकाळी चहाच्या आधी विचारायचे. मी रोह्याला गेलो की स्वतः विचारायचो आणि चुकलं की स्वच्छ शब्दांत दुरुस्त करायचो. पंतप्रधान त्या काळात इतक्या भराभर बदलत होते की एकदा मी नानांची चूक सुधारली आणि मेहुण्याने माझी. नाना मात्र तेव्हा हसले नाहीत. वही दिसली की ते धोतराचा सोगा बोटांना गुंडाळायला लागायचे. ते मला दिसत होतं. अभ्यास न केलेल्या मुलाचं असंच होतं, असं मी मनाशी म्हटलं.

त्याच सुमारास, एका व्याख्यानाहून घरी परतताना, बायकोने विषय काढला. एरवी त्या वाटेवर ती वक्त्याच्या खोकण्याची नक्कल करून दाखवायची. त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही एवढी माणसं बोलावता. एखादा डॉक्टर बोलवा की. घरातलं माणूस विसरायला लागलं तर घरच्यांनी काय करायचं, एवढंच सांगू दे. आणि दुपारी तीनला ठेवा. म्हातारी माणसं तेव्हा जरा आडवी होतात. कुणाला घराबाहेर निघता येईल तर तेव्हाच."

मी म्हटलं, समितीपुढे ठेवतो. आणि ठेवलंही. अध्यक्ष म्हणाले, हे वाचनालय आहे, दवाखाना नव्हे. दुसरे एक जण म्हणाले की पुस्तक परत करायला विसरणारे सगळे बोलवायचे तर पेणला मैदान घ्यावं लागेल. सगळे हसले, त्यात मीही होतो. इतिवृत्तात मी 'विचाराधीन' असं लिहिलं आणि घरी येऊन बायकोलाही तेच सांगितलं. तिने आणखी तीनदा विचारलं. मग विचारायचं सोडलं. मला वाटलं, बरं झालं, समजूत पटली.

मधल्या काळात आमचे चार कार्यक्रम झाले. त्यांचे विषय मला आज आठवत नाहीत. बायको चारही वेळा पहिल्या रांगेत होती.

पावणेदोन वर्षं अशी गेली. एके दिवशी नाना घरातून निघाले ते गाडीत बसले आणि पेणच्या आधीच, कासूला उतरले. फलाटावरच्या बाकावर बसून होते. कुणीतरी विचारलं, आजोबा कुठं निघालात, तर पेण एवढं सांगितलं. पेणला कोणाकडे, ते सांगता येईना. ओळखीच्या एका माणसाने त्यांना रोह्याला परत पोचवलं. दुसऱ्या दिवशी बायकोने पिशवी भरली आणि ती रोह्याला गेली ती राहिलीच. मेहुणा एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टवर, त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले, ती माहेरी गेलेली. नानांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं.

मी पेणला खिचडी शिजवत होतो आणि हिवाळ्यातल्या व्याख्यानाची तयारी करत होतो. पुण्याचे एक विद्वान यायचे होते. आठ दिवस आधी त्यांचं पत्र आलं की गुडघ्याने दगा दिला आहे. रविवार रिकामा पडला. आमच्या ग्रंथपालबाई खिडकीपलीकडून म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचा तो विषय होता ना विसरण्याचा? तो घ्या."

म्हणजे बायको त्यांच्याशीही बोलली होती. मी म्हटलं, त्याला कोण येणार?

"कोण येणार ते आपल्याला काय माहीत. आपण कधी कुणाला विचारलंय?"

ओळखीतून त्यांनी पनवेलच्या एक डॉक्टरीणबाई मिळवल्या. मला आता निदान मथळा तरी आपला असावा असं वाटत होतं. मी 'वार्धक्य आणि विस्मरण : एक चिंतन' असा कागद लिहून दिला. ग्रंथपालबाईंनी तो वाचला, घडी करून टेबलावरच्या पुस्तकात खूण म्हणून घातला आणि रस्त्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, घरातलं माणूस विसरायला लागलं तर काय करायचं, डॉक्टर सांगतील, रविवारी दुपारी तीन वाजता.

मेहुण्याच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. तिथे फोन करून मी बायकोला बोलावून घेतलं आणि जरा ऐटीतच सांगितलं की तुझा कार्यक्रम ठेवला आहे, ये. ती म्हणाली, "मला नाय जमायचं. दादा सेकंड शिफ्टला आहे. तुम्ही नीट ऐका. लिहून घ्या. चहा आला का, म्हणून दाराकडे बघत बसू नका."

रविवारी मी वीस खुर्च्या मांडल्या आणि त्याही जास्त वाटल्या म्हणून पाच उचलल्या. पावणेतीनला माणसं यायला लागली. एकेकटी आली. व्याख्यानाला येतात तशी गप्पा मारत नाहीत, दवाखान्यात शिरतात तशी, इकडेतिकडे बघत. गडब गावचा एक दुकानदार दुकान बंद करून आला होता. आमच्याच आळीतल्या दोन बायका दारात समोरासमोर आल्या आणि दोघींनी खाली बघितलं. मग एक हळूच म्हणाली, "तुमच्याकडे पण?" खुर्च्या भरल्या, बाकं भरली, मी सतरंज्या काढल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दोन्ही लागल्या. फोटो काढायचं मला सुचलंच नाही. मागच्या भिंतीला टेकून आमचे अध्यक्ष उभे होते. मी त्यांना पुढची खुर्ची देऊ लागलो तर नको म्हणाले. त्यांच्या पत्नी वर्षभर कुठे दिसल्या नव्हत्या. त्या मुलाकडे असतात, असं आम्हाला सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि थोडक्यात बोलल्या. मग म्हणाल्या, विचारा. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी खाडीकडच्या गावातली, मिठागरात काम करणारी एक बाई सतरंजीवरून उठली. "माजी सासू मला तिची आय समजते. मंग मी काय करू, आय व्हऊ?"

"झालात तर चालेल तुम्हाला?"

"चालंल. पन मंग नवऱ्याला काय म्हनू?"

सभागृह हसलं. हसता हसता पदर डोळ्यांना लागले आणि मग एकदम सगळे विचारायला लागले. आंघोळीचं काय, कुलूप लावायचं का, रात्री उठतात त्याचं काय. मी आज्ञेप्रमाणे लिहून घेत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांची परीक्षा घेऊ नका. उत्तर येत नाही हे त्यांनाही कळत असतं, आणि त्याची लाज वाटते. लाज तेवढी शिल्लक राहते. ते जिथे असतील तिथे तुम्ही जा, त्यांना ओढून इथे आणू नका." हे मी लिहिलं आणि पुढचं काही लिहिलं नाही. पुढचं नीट ऐकूही आलं नाही. मला ती वही दिसत होती. तिच्यावर मी सुवाच्य अक्षरात 'स्मरण-अभ्यास' असं लिहिलं होतं.

जाताना माणसं विचारत होती, पुन्हा कधी? मी सांगितलं, समितीपुढे ठेवतो.

सोमवारी कचेरीत रजा टाकून मी रोह्याला गेलो. नाना आत झोपले होते. बायको पडवीत तांदूळ निवडत होती. मी कागद काढला आणि वाचून दाखवायला लागलो. तिने सूप बाजूला ठेवलं नाही, पण हात थांबले. परीक्षेचं वाक्य मी जरा भरभर वाचलं. वाचून झाल्यावर म्हटलं, फार चांगलं बोलल्या, हॉल पूर्ण भरला होता.

"आईच्या मागे मला वडीलधारं एवढं एक माणूस होतं," ती म्हणाली. "ते मला ओळखत होते ना, तेव्हा हे कळायला हवं होतं मला. इथं आल्यापासून महिनाभर मी त्यांच्याशी भांडले. रोज. मी तुमची मुलगी, मी तुमची मुलगी. ते घाबरायचे हो मला. शेवटचे ओळखीचे दिवस मी भांडण्यात घालवले."

"आता?"

"आता मी इथं कामाला आहे, असं सांगितलंय. तेव्हापासून नीट जेवतात."

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

तेवढ्यात नाना उठून बाहेर आले. माझ्याकडे बघून, पाहुण्याला करतात तसा नमस्कार केला. कुठून आलात? मी म्हटलं, पेणहून. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"पेणला माजी मुलगी दिलीय. येत नाय हल्ली. नवरा वाचनालयात सभा भरवतो, त्याला खुर्च्यांवर माणसं लागतात, तो हिला सोडीत नाय." मग बायकोकडे वळून, "गो बाय, पावण्यांना च्या ठेव." आणि पुन्हा मला, हळू आवाजात, "तुमी जाताय तर निरोप द्याल तिला? म्हनावं, मी रागावलो नाय. एकदा येऊन जा."

मी आयुष्यभर लोकांना दुरुस्त करत आलेला माणूस. तोंडापर्यंत आलं होतं, की ही काय, समोरच बसलीय. बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "सांगतो."

चहा करायला ती आत गेली ती बराच वेळ आली नाही.

त्यानंतर मी दर रविवारी रोह्याला जायला लागलो. वाचनालयाचे रविवार सोडले. समितीने माझ्या जागी दुसरा निमंत्रक नेमला आणि त्याने साडेसहाची वेळ पुन्हा सुरू केली. नाना मला बघितलं की विचारायचे, दिलात का निरोप? मी म्हणायचो, दिला. काय म्हनाली? मग मी बायकोकडे बघायचो, आणि ती तांदूळ निवडता निवडता, वर न बघता, मला सांगायची, म्हणाली असेल, की येते पुढच्या आठवड्यात, जेवताय ना वेळेवर. हे मी नानांना सांगायचो. मग ते सांगायचे, म्हनावं, जेवतो. असा त्या पडवीत, चार हातांच्या अंतरावर, बापलेकीचा निरोप माझ्यामार्फत जायचा-यायचा. तीन महिने गेला.

होळीच्या आधीच्या एका रविवारी गाडी कासूला बराच वेळ थांबली होती, समोरून दुसरी यायची होती. तेवढ्या वेळात मी उत्तर तयार केलं. मुलीला बरं नव्हतं म्हणून जमलं नाही, असं. पोचलो तर नाना पडवीत बसले होते. त्यांनी नमस्कार केला नाही. मी समोर बसलो, पाणी प्यालो, वाट बघितली. ते अंगणाकडे बघत होते. शेवटी मीच म्हटलं, निरोप दिला बरं का, तुमच्या मुलीला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि नजर पुन्हा अंगणात गेली.

बायको म्हणाली, "राहू दे आता."